नाळेवरचा आकडा

जानकी होडीत बसली ती उठेचना.

"बाई, आधी खाली उतर," फौजदार म्हणाले.

"होडी माझी आसा. माका उतरवायचा तर होडयेसकट उचला!"

कुणकेश्वरच्या पुळणीवर माणसं जमली होती. गेल्या आठवड्यात मालवणच्या किनाऱ्यावरून जानकीची होडी नाहीशी झाली. नवरा गंगाराम वारल्यापासून त्या होडीवरच दोन पोरांचं पोट चालायचं. ताजं डांबर फासलेली ही इथल्या भिकाजीची होडी आपलीच, असं ती छातीठोक सांगत होती. पण नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, कोरलं होतं ६५४. जानकीच्या होडीचा आकडा ६३१.

असे आकडे होड्या बांधणाऱ्या साल्वादोर मेस्त्रीचे. होडी पहिल्यांदा पाण्यात लोटायच्या दिवशी तो नाळेवर आकडा कोरी. कसला, ते कुणाला न सांगताच गेल्या नाताळात तो वारला. लोक म्हणत, होडीचा नंबर.

बापाचं काम ओळखायला त्याची मुलगी कार्मेलिना आली होती. तिनं आकड्यावरून बोट फिरवलं. फळी तिथं जरा खोलगट लागली. बापानं अशी फळी कधी लावली नसती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"होडी कधी लोटलीस?" फौजदारांनी विचारलं.

"गेल्या दसऱ्याक, सायब," भिकाजी म्हणाला.

"आणि आकडा?"

"त्याच दिवशी मेस्त्रीन कोरल्यान. माझ्या डोळ्यांसमोर."

"भिकाजी, माझो बापूस वर्षाक किती होडये बांधी?" कार्मेलिनानं विचारलं.

"तीन. फार तर चार."

"मग साडेसहाशे होडये खंय आसत?"

लोक हसले. भिकाजी हसला नाही.

ती फौजदारांकडे वळली. "साहेब, बापानं बांधलेली सत्यवानाची होडी पंचावन्नच्या नाताळात लोटली. आकडा ५७३. डॉमिंगोची पुढच्या नाताळात, ६२५. मधे एक वर्ष, फरक बावन्नचा."

"आठवडे!" फौजदार उद्गारले.

"रविवार. आई गेली तेव्हापासून बाप रविवार मोजत होता, ते मला आत्ता कळतंय." तिनं जानकीकडे बोट दाखवलं. "जानकीचा ६३१ म्हणजे त्या नाताळानंतर सहा आठवडे. माघ. तेव्हा गंगाराम होता. आता ६५४ मोजा."

फौजदार बोटांवर मोजू लागले. "एकोणतीस आठवडे... जुलै. म्हणजे आषाढ!"

आषाढात किनाऱ्यावरची होडी न् होडी पावसापासून जपायला माडाच्या झापांखाली झाकलेली असते. नारळी पौर्णिमेआधी दर्यात कोण जातो?

"मोठो आकडो घातलो की होडी नवी ठरतली, असा वाटला तुका," कार्मेलिना भिकाजीला म्हणाली. "दसऱ्याची आसती तर सहाशे पासष्टाच्या आसपास आकडो आसतो. जुनो तासलंस म्हणान फळी खोल गेली."

भिकाजीनं मान खाली घातली. "मेस्त्री मेलो, आता कोणाक कळतला, असा वाटला," तो पुटपुटला.

"पंचनामा होईपर्यंत होडी इथंच राहील," फौजदार म्हणाले.

"पंचनामो मालवणात येवन करा. मी भरतीक निघतलंय."

फौजदार होडीपासून बाजूला झाले. कार्मेलिनानं पिशवीतून बापाची पटाशी काढली.

"आजचो आकडो घालू गो?"

"नको. माझ्या घोवान लोटल्यान, तोच दिवस हिचो."

खोलगट फळीवर ६३१ कोरून होईपर्यंत जानकी होडीतून उतरली नाही.