मागून येणाऱ्यांचा वाडगा

नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात नव्याने आलेल्या मराठी जोडप्यांना उल्हासकाका जेवायला बोलावतात आणि आइस्क्रीम संपलं की दिवा मालवतात.

"हिमानी आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. खोटं वाटलं तर आत्ताच घरी जा."

कुणी जात नाही.

हिमानी लग्न होऊन नुकतीच आली होती. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, म्हणजे हिवाळ्यासाठी रात्री इथली घड्याळं तासभर मागे जातात तो. संध्याकाळी नवऱ्याने, राजनने, तिला कोथिंबिरीला पिटाळलं. सायकलवरून ती चिंब होऊन परतली, तर फाटकाशी एक म्हातारा. डोक्याला मुंडासं, अंगात लांब झगा. एवढ्या पावसात झगा कोरडा ठणठणीत. त्याने ओंजळ तोंडाशी नेली.

"या ना आत, पाणी देते," ती चक्क मराठीत म्हणाली.

राजन इथे चांगलाच मुरलेला. "अपॉइंटमेंट घेतलीये का त्यांनी?" म्हणत त्याने तिला आत ओढलं आणि दार लावलं.

दाराजवळ लाकडी वाडगा होता, किल्ल्या टाकायचा. हनिमूनला मोरोक्कोत वाळवंटातलं एक हिरवं ठिकाण पाहिलं होतं. पूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे तिथे उतरत. विहिरीच्या राखणदाराने बजावलं होतं, "वाडगा मागून येणाऱ्यांचा. एका व्यापाऱ्याने जाताना वाडगा नि दोर, दोन्ही नेले. मागचा तांडा विहिरीत डोकावत तहानेने मेला. अजून फिरतोय."

राजनने मान डोलावली आणि वाडगा पिशवीत घातला. "कसली कारागिरी आहे गं! तिथे उन्हात तडकला असता."

हिमानी तेव्हा गप्प बसली होती. नवं लग्न.

दोनच्या सुमारास राजन घसा धरून उठला. उशाचा पेला रिकामा. नळातून नुसती हवा. फ्रिजमधली सीलबंद बाटली… रिकामी. त्याचे ओठ फुटले होते. बाहेर पाऊस कोसळत होता.

दारावर थाप पडली. एक. मग खूप.

हिमानीने वाडग्यातल्या किल्ल्या जमिनीवर ओतल्या. दार उघडलं. पागोळीखाली वाडगा भरून पायरीवर ठेवला.

"घ्या. तुमचंच आहे. चुकलं आमचं."

अंधारात कुणीतरी प्यायला लागलं. मग दुसरं कुणी. घोट… घोट…

"मला दे!" राजन मागून ओरडला.

"थांब रे. आधी त्यांचं होऊ दे."

"मरतोय मी इथे!"

तिला ढकलून तो बाहेर धावला. वाडगा हिसकावला. तोंडाला लावला.

घोट थांबले.

दार आपटलं.

तिने उघडलं. कुणी नाही.

तीन वाजायला आले, आणि मोबाइलवर पुन्हा दोन वाजले. बाहेरून राजनचा आवाज. "हिमानी… पाणी…" तिने उघडलं. पाऊस. दार लावलं. "हिमानी…" उघडलं. पाऊस. ती आख्खी रात्र…

काका थांबतात.

"मग, काका?" आज जेवायला आलेली स्वप्नाली नवऱ्याचा, ओमकारचा, दंड घट्ट धरते.

"पोलिसांनी कालवा धुंडाळला. इथे माणूस हरवला की आधी पाण्यात शोधतात."

"सापडला?"

काका मान हलवतात.

"सकाळी मी मागच्या हिरवळीवर गेलो. रात्रभर पाऊस, गवत निथळत होतं. त्यात मोठाले गोल ठसे. प्रत्येकात कोरडी वाळू."

"उंट? ब्रेडात?" ओमकार हसायला जातो.

"येतानाचे ठसे उथळ होते, बाबा. जातानाचे…"

काका खाली बघतात.

"जातानाचे खोल."