एकमताचं दार

मिरकरवाड्याजवळच्या एका मासळी-शीतगृहाच्या नियंत्रण कक्षात पेढे वाटले जात असताना अमोनियाचा भोंगा वाजला.

पेढे होते निकालाचे. बेचाळीसच्या बेचाळीस कामगार ऑनलाइन सुरक्षा-पाठात उत्तीर्ण! प्रशिक्षण अधिकारी शर्वरी भाटकर यांनी ते सकाळीच आपल्या ब्लॉगवर लिहिलं होतं. कामावरच्या शिक्षणात कुठलं नवं वारं आहे, हे त्या तिथे सांगत. कारखानदार तो ब्लॉग रोज वाचत. निदान वाचतो असं सांगत तरी.

"तीन नंबरच्या खोलीत गळती. दार बंद झालं," दारांच्या यंत्रणेचे जनक डॉ. नाझिम मुकादम म्हणाले.

"आत दिगूकाका आहेत!" एक कामगार ओरडला.

कामगार दिगंबर पावसकर पेढा खिशात टाकून सुरमईचे खोके बघायला गेले होते. त्यांच्याजवळ वायूपासून वाचवणारा मुखवटा होता, पण पंचवीस मिनिटंच पुरणारा.

"उघडा मग!" शर्वरीबाई म्हणाल्या.

"मी कोण उघडणार? दार प्रतिमनं चालवतात. पाठ करताना माणूस कुठे थबकतो, काय निवडतो, त्यावरून यंत्र त्याच्या मनाची नक्कल करतं, तेच प्रतिमन. संकटात माणसं गडबडतात, नकला नाहीत. त्या मत देतात, बहुमत होईल तसं दार वागतं."

"आणि हातानं दार उघडायचा दांडा?"

"काढला. 'घाबरलेल्याच्या हाती दांडा नको', तुमच्याच ब्लॉगवर वाचून मालकांनी काढला. वीज तोडली तर दार मिटलेलंच राहतं."

"मत काय पडलं?"

"पाठात प्रश्न होता: एक आत, बाकीचे बाहेर, तर काय करावं? सगळ्यांचं उत्तर, दार बंद. बेचाळीस विरुद्ध शून्य."

शर्वरीबाई कामगारांकडे वळल्या. समोर दिगूकाकांचा जावई बाबल्या उभा होता, पांढराफटक.

"बाबल्या, सासऱ्याविरुद्ध तूसुद्धा?"

"मी नाय दिलं मत, मॅडम. मी पाठच केला नाय. चेहरा दाखवला नि फोन काकांकडे दिला. सगळ्यांनीच दिले."

कोळंबी निवडायच्या लांब टेबलावर बेचाळीस फोन ओळीत मांडून काका या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं मारत गेले होते, कोळंबी निवडावी तशी. चाळीस मिनिटांत सगळे पास! गुणांची उत्तरं त्यांना तोंडपाठ. दाराच्या या एका प्रश्नाला मात्र गुणच नव्हते. म्हणून त्यांनी सगळीकडे वरचंच बटण दाबलं: 'दार बंद'.

मुकादम म्हणाले, "म्हणजे यंत्रात एकच मन आहे."

"मतं बदला!"

"पाठ पुन्हा करावा लागेल. बावीस जणांनी केला तरी पुरे."

"फोन काढा सगळ्यांनी!"

एक्केचाळीस पडद्यांवर एक गोड बाई हसली. "नमस्कार! सुरक्षेच्या पाठात आपलं स्वागत आहे. कालावधी चाळीस मिनिटं."

"हे पुढे पळव ना रे!" कुणीतरी ओरडलं.

मुकादमांनी शर्वरीबाईंकडे पाहिलं नाही. पाठ पळवता येऊ नये, ही मागणी गेल्या महिन्यात कुणाच्या ब्लॉगवर आली होती, हे त्या कक्षात त्या दोघांनाच ठाऊक होतं.

ध्वनिक्षेपकातून मुठी आपटल्याचा आवाज आला. "अरे मेल्यांनो, उघडा! मी हाय, दिगू! मी सांगतो ना, दार उघडा!"

दार अदबीनं बोललं, "दिगंबर पावसकर, आपलं मत नोंदलेलं आहे: दार बंद. बाकीचे एक्केचाळीस जण आपल्याशी पूर्ण सहमत आहेत."