हौदाचं शहर

आमच्या बनूचं लग्न झालं ते साल १९९७. मे महिन्यात तिला खर्ड्याला दिली. मांडवाचे बांबू अजून दारात पडलेले होते, तेवढ्यात कानिफने कॉम्प्युटर आणला. कानिफनाथ हा माझा एकुलता एक मुलगा, बनूचा थोरला भाऊ. नगरला डिप्लोमा करून आला होता. घोडेगावात हमरस्त्याला लागून आमचा एक गाळा होता. तिथं मी पूर्वी पेंड आणि दावी-वेसणी विकायचो. तो गाळा झाडून, चुना मारून त्याने तिथं कॉम्प्युटरचा क्लास काढला.

मी हेडी. जनावरं घ्यायची आणि विकायची, हा माझा जन्माचा धंदा. शुक्रवारी आमच्या गावचा बाजार भरतो, त्या दिवशी मला जेवायला फुरसत नसायची. बाकीच्या दिवशी मी दुपारी क्लासवर जाऊन बसत असे. पन्नाशी उलटल्यावर कानिफनेच मला अक्षरं शिकवली होती, त्यामुळे त्या खोक्यासमोर बसायला मला संकोच वाटत नव्हता.

पावसाळ्यात कानिफचा मित्र पंकज आला. दोघं नगरला एका खोलीत राहिलेले. पंकज तिथंच कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. त्याने कानिफला एक सीडी दिली. त्यात खेळ होता. एक गडी तलवार घेऊन परका मुलूख हिंडतो, राक्षस मारतो, मंत्र शिकतो. त्या मुलखात शहरं होती. सगळी पाहून झाली की त्यातलं एक आपलं म्हणून निवडायचं. मग तिथं घर मिळतं आणि पुढचा खेळ तिथून सुरू होतो.

एका दुपारी राहीबाई, माझी मालकीण, भाकरी घेऊन आली तेव्हा कानिफ म्हणाला, "आबा, आई, बसा जरा. सांगा, कोनतं शहर घेऊ?"

पहिलं समुद्राकाठचं होतं.

"आगं बया, केवढं पानी!" राहीबाई म्हणाली.

"खारं हाय ते," मी म्हणालो. "जनावरं काय पितील?"

"आबा, तिथं जनावरं न्हाईत, जहाजं हायती."

"मंग तिथं ऱ्हाऊन करायचं काय?"

दुसरं बर्फातलं होतं. तिथं वैरणीची काडी दिसत नव्हती. तिसरं मोठमोठ्या झाडांवर बांधलेलं. "रोज झाडायचं कोन हे?" एवढं बोलून राहीबाईने ते निकालात काढलं. कानिफ हसून हसून खोकला.

मग त्याने चौथं दाखवलं. उघड्या तांबड्या माळावर, भोवती दगडी तट. एकच वेस. आत मोठा बाजारतळ, मधोमध दगडी हौद, आणि हौदाभोवती रांगांनी बांधलेले बैल. वेशीवर काही लिहिलं होतं, पण ती लिपी कानिफलाही येत नव्हती.

"हे घे," मी म्हणालो. "बैल कसे बांधलेत बघ. एकाचं शिंग दुसऱ्याला लागायचं न्हाई. जानत्या मानसांचं गाव हाय."

"मलाबी हेच आवडतं," कानिफ म्हणाला. "इथं आलो की बरं वाटतं. का ते सांगता येत न्हाई."

त्याने बटण दाबलं. खोक्यातून लाकडी दार लोटल्याचा आणि मागून अडसर सरकवल्याचा आवाज आला. अडसर जुना असावा, मधेच अडकून मग पुढं सरकला.

"आवाज लई भारी केलाय," कानिफ म्हणाला.

गणपती बसले त्या सुमारास तो मला म्हणाला, "आबा, वेस उघडत न्हाई."

त्याचा गडी तटाला धरून फिरत होता. दगडामागून दगड. बाहेर पडायची वाट कुठंच नव्हती. पंकजला निरोप गेला. पंकज आला, त्याने स्वतःची सीडी घालून पाहिली, आणि मान खाजवत म्हणाला, "कान्या, माझ्यात तीनच शहरं आहेत. तुला हे चौथं फुकटात मिळालं लेका. पार्टी दे!"

मग कानिफची सीडी घालून तो बराच वेळ त्या बाजाराकडं बघत बसला. चहा सांगितला होता, तो आला तरी त्याने घेतला नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणाला. उन्हं अजून वर होती.

मीही तो बाजार नीट बघू लागलो. हौदापलीकडच्या रांगेत एक कोशा रंगाचा बैल होता. डावं शिंग टोकाला तुटलेलं, त्यावर पितळेची शेंबी. तसा बैल मी एकदा श्रीगोंद्याच्या ऊस ओढणाऱ्या गाडीवानाला विकला होता. शेंबीही मीच बसवलेली. तो बैल पुढं कारखान्याच्या रस्त्यावर गाडीखाली सापडून मेला.

"पाखऱ्या," मी सहज म्हणालो.

बैलाचा कान वळला. मग मान वळली.

"आबा, त्याला ऐकू जात न्हाई," कानिफ हळूच म्हणाला. "आवाज आत जायची सोयच न्हाई या मशिनला."



दिवाळी आली. लेकीचा पहिला दिवाळसण, तिला आणायला भाऊच मुऱ्हाळी म्हणून जायला हवा. कानिफ सकाळी नवा सदरा घालून, करंज्यांचा डबा घेऊन निघाला आणि तासाभरात परत आला. पायताणात आणि पोटऱ्यांवर तांबडी धूळ. आमच्याकडची माती काळी.

"गाडी चुकली व्हय?" राहीबाईने विचारलं.

"गाडीत बसलो हुतो," तो म्हणाला. "रस्त्यात भिंत हाय."

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो. एसटीची पाटी मीच वाचली, त्याला खिडकीशी बसवलं, त्याच्या मांडीवर डबा ठेवला. पांढरीच्या पुलापर्यंत तो ठीक बोलत होता. बनूला कोणती साडी आवडेल, असं काहीतरी. पूल गेला आणि त्याने माझा दंड धरला.

"आबा, भिंत आली."

मी पुढं पाहिलं. रस्ता मोकळा होता. समोरून टेम्पो येत होता. मी म्हणालो, "कुठं रं?" आणि वळलो. खिडकीशी कोणी नव्हतं. सीटवर करंज्यांचा डबा होता.

कंडक्टर म्हणाला, "बाबा, तुम्ही तर एकटेच चढलात." माझ्या हातात तिकिटं मात्र दोन होती.

मी जेऊरला उतरलो आणि मिळेल त्या वाहनाने परत आलो. कानिफ क्लासमध्ये खुर्चीवर बसलेला होता. राहीबाई दारात उभी.

"तो गेलाच कुठं?" ती म्हणाली. "तुमची गाडी हालली आन् हा मागं फिरला. मला वाटलं, दोघांचं भांडान झालं."

बनूला शेवटी तिच्या दिराने आणून घातलं. भाऊ का आला नाही, म्हणून ती रुसली होती. कानिफला पाहिल्यावर तिचा रुसवा गेला. "दादा, तू कितीक वाळलास रं," म्हणाली, आणि रडायला लागली. सण कसाबसा करून ती सासरी गेली.

त्यानंतर भिंत जवळ येऊ लागली. आधी तो पुलाच्या पुढं जाऊ शकत नव्हता. मग बाजारतळाच्या पुढं जाता येईना. मग गल्लीच्या तोंडाशी थांबू लागला, हात पुढं करून चाचपडत, अंधारात खुंटी शोधावी तसा. पोरं क्लासला येईनाशी झाली. सोनईहून डॉक्टर आणला. अशक्तपणा आहे म्हणाला, लाल औषध दिलं. डिसेंबर लागला तेव्हा कानिफ गाळ्याच्या उंबऱ्याच्या बाहेर येत नव्हता. राहीबाई ताट उंबऱ्यावरून आत सरकवायची आणि बाहेर पायरीवर बसून तो किती घास खातो ते बघायची. दोन-चार घासांवर तो जात नसे.

"तुझा आवाज लांबून येतो, आई," तो म्हणायचा. ती हातभर अंतरावर बसलेली असायची.

एकदा तिने वरवंटा आणला. "फोडा ते खोकं. माझं लेकरू खाल्लं त्यानं."

कानिफ भिंतीला टेकून बसला होता. त्याने मोठ्या कष्टाने मान वर केली. "आई, फोडू नको. मंग मी येऊ कुठून?"

वरवंटा तिच्या हातातून खाली पडला.

मी त्याच्याजवळ बसलो. म्हणालो, "कानिफ, आत कोन भेटतं का? कुनाला तरी इचार की वाट."

"एक मानूस हाय. हौदापाशी उभा ऱ्हातो. जवळ गेलं की नुसता हात पुढं करतो. सोनं दिलं, तलवार दिली, घेत न्हाई. बोलत न्हाई."

त्याने मला तो माणूस दाखवला. धोतर, मुंडासं. पुढं केलेल्या हातावर रुमाल टाकलेला. तोंड आमच्याकडं. मला काही विचारावं लागलं नाही. असा हात मी उभा जन्म पाहत आलो होतो.

आमच्या धंद्यात चारचौघांत किंमत बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरतात. मालक जास्त बोटं धरतो, गिऱ्हाईक बोटं सोडवून कमी करतं. जमलं की मूठ आवळायची. एकदा मूठ आवळली की सौदा मोडत नाही.

डिसेंबरच्या बारा तारखेला शुक्रवार होता. बाजारात माझं चित्त नव्हतं. दुपारी मी तसाच धुळीने भरलेला गाळ्यावर आलो. वीज गेली होती. कानिफ कोपऱ्यात पडला होता, डोळे उघडे, छाती जेमतेम हलत होती. कॉम्प्युटरची काच काळी. धूळ बसू नये म्हणून राहीबाईने जुन्या लुगड्याचं फडकं शिवलं होतं, ते पुढच्या सगळ्या सामानावर पसरलेलं.

राहीबाई पायरीवर होती. मी काय करतोय ते ती बघत होती. मी फडक्याखाली हात घातला.

आत हात होता.

कोरडा, उबदार. अंगठ्याच्या बुडाशी दाव्याने पडलेला घट्टा. माझ्या हातालाही तिथंच घट्टा आहे.

त्याने माझी पाचही बोटं धरली.

मी मनात म्हणालो, माझं पोरगं सोड, आणि सवयीने हात झटकला. पाच फार झाले.

त्याने चार धरली. मी झटकला.

त्याने तीन धरली.

या तीन बोटांवर तो थांबला. सोडेना. जोर करत नव्हता. आजाऱ्याचा हात धरावा तसा धरून राहिला. मला वाटलं, मालक अडलाय, अजून एक बोट उतरेल. मी ते बोट सोडवून घेतलं.

दोन राहिली.

मी मूठ आवळली.

त्याने लगेच आवळली नाही. मग आवळली.

हात गेला. फडक्याखाली नुसती थंड तारांची गुंतवळ होती. आणि लाकडी अडसर मागं सरकल्याचा आवाज आला, वीज नसताना.

"आई, भूक लागली," कानिफ म्हणाला.

तो उठला, उंबरा ओलांडून उन्हात आला आणि डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. राहीबाईने त्याला लहान पोरासारखा कवटाळला. बाजारातून परतणारी माणसं बघत होती, तिला भान नव्हतं. तो तिथंच पायरीवर बसून दीड भाकरी जेवला.

वीज आल्यावर त्याने खेळ लावला. मी नको म्हणत होतो. तीनच शहरं होती.

दुसऱ्या दिवशी तो एकटा एसटीने खर्ड्याला गेला आणि बनूला भेटून, तिच्या सासूचा पाहुणचार घेऊन आला. त्या संध्याकाळी चुलीपुढं बसलेली राहीबाई मला म्हणाली, "कितीवर ठरला सौदा?"

"दोनवर."

"दोन काय?"

मी तिच्याकडं पाहिलं. हात धरायच्या आधी एक बोट कशाचं, हे ठरवून घेतात. पहिल्या बाजारापासून मी ते कधी चुकवलं नव्हतं.

"पाचवरून उतरवला मी त्याला," मी म्हणालो.

"व्हय, पन दोन काय?" ती म्हणाली. भाकरी तव्यावर करपली तरी तिने उलटली नाही.

पुढं सगळं चांगलं झालं. क्लास पुन्हा भरला. कानिफने दुसरा कॉम्प्युटर घेतला. अंगाने भरला, बनूच्या मुलाच्या बारशाला सगळ्यांना गाडी करून खर्ड्याला घेऊन गेला, तिथल्या किल्ल्यावर राहीबाईला हात धरून चढवली. स्थळं येऊ लागली होती. राहीबाईने मला परत काही विचारलं नाही. पण सौद्याचं पहिलं वर्ष सरलं त्या दिवशी तिने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. दुसऱ्या वर्षी मीच त्याच्याजवळ बसून होतो. दुपारी तो म्हणाला, "आबा, जरा पडतो," आणि माझ्या मांडीशी आडवा झाला. त्याचा हात माझ्या हातात होता. आधी त्याच्या बोटांनी माझी बोटं धरली होती, मग ती सुटली.

कानिफ १२ डिसेंबर १९९९ला, रविवारी दुपारी वारला. त्याला पंचविसावं चालू होतं.