हंटिंग्टनचं मागणं

नाशिक रोडच्या दवाखान्यात लताबाई मुलाचा रिपोर्ट आणायला गेल्या, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि हळूच म्हणाल्या, "मावशी, शेखरच्या रिपोर्टमध्ये हंटिंग्टन आलाय."

"कुठून आला?"

"वडिलांकडून."

लताबाईंना ते लगेच पटलं. त्यांचे यजमान धोंडीराम दारूला कधी शिवले नाहीत, पण शेवटी शेवटी चालायचे असे, की अख्खी कॉलनी त्यांना बेवडा म्हणायची. हातपाय आपोआप नाचायचे. आता तेच शेखरचं झालं होतं, आणि दिवाळीपासून तर त्याची वाचाही गेली होती.

"आन् आमची वेदिका? नात हाय, सात वर्सांची."

"सांगता येत नाही. तिच्याकडे जायची निम्मी शक्यता."

"मागणं काय हाय त्याचं?"

डॉक्टरीणबाईंना प्रश्नच कळला नाही. "औषध नाहीये, मावशी," एवढंच त्या म्हणाल्या.

आता डॉक्टर लोक आजाराला 'आलाय' म्हणतात ते सवयीनं. लताबाईंच्या कानांना मात्र ते नाव माणसाचं वाटलं, आणि जो येतो तो काहीतरी मागायलाच येतो. वणीकडे त्यांच्या माहेरी कुणाच्या अंगात काही शिरलं, की समोर बसवून आधी नाव विचारत. नावासाठीच सगळी मारामार. ते एकदा फुटलं, की नारळ, कोंबडं, लुगडं, मागेल ते द्यायचं आणि वेशीबाहेर घालवायचं. इथे तर नाव छापून, वर शिक्का मारून मिळालं होतं. गोरा साहेब असला म्हणून काय झालं? बुडत्याला काडीचा आधार. लताबाई रिक्षात बसल्या त्या जवळजवळ आनंदात.

दुपारी घरात मायलेक दोघंच होते. सून स्नेहा वेदिकाला घेऊन येवल्याला माहेरी गेली होती. लताबाईंनी खिडक्या लावून ऊद घातला. कोंडलेल्या धुरात पलंग कुरकुरत होता, कारण शेखरचे पाय काही थांबत नव्हते.

"हंटिंग्टन..." त्या पुटपुटल्या. "नाव कळलंय तुझं. काय पायजे ते माग... पन माझ्या नातीला सोड."

कुरकुर थांबली. शेखरचे पाय थांबले, हात थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदाच पोर स्थिर पडलं होतं, आणि लताबाईंना ते बघवेना.

"ते नाव माझं नाही." आवाज शेखरचाच होता, अगदी स्वच्छ. "मला पहिल्यांदा हेरलं त्या डॉक्टरचं आहे ते. माझं आजवर कुणी विचारलंच नाही..."

लताबाई पलंगापासून मागे सरल्या. विचारू नये, असं सगळं अंग सांगत होतं. पण नावावाचून सुटका नाही, हेही त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

"मग... काय नाव तुझं?"

शेखर हसला. खेळायला गेलेल्या पोरीला दारातून हाक मारावी, तसा लाडानं म्हणाला, "वेदिका..."

आणि पुन्हा पाय झाडू लागला.

तेवढ्यात फोन वाजला. येवल्याहून स्नेहा होती.

"आई, हे बोलायला लागले का?"

"का गं?"

"वेदिका जेवता जेवता 'ओ पप्पा' म्हणून उठली. पप्पा बोलवतायत म्हणते. दारात सँडल घालत बसलीय..." स्नेहाचा आवाज खाली आला. "बक्कल लागंना तिच्याच्यानं, आई. बोटं नुसती नाचतायत."