पालथ्या प्लेट्स

तो पहिल्यांदा तिच्या प्रयोगशाळेत आला तो जिना चुकून. जायचं होतं गणित विभागात. फळ्यावर ‘जिवाणूंच्या गप्पा’ असं वाचून दारातच थबकला. "बोलतात म्हणजे... नक्की काय करतात?" तिने हसू दाबलं आणि खुर्ची पुढे केली.

पीएचडीच्या त्या अभ्यासक्रमात प्रत्येकाने तीन महिने परक्या विषयात काढायचे, असा नियम होता. गणितवाल्याने ते तिच्याकडे मागून घेतले. आता ते संपत आले होते आणि पाळी तिची होती. गणितात जायचं की रसायनवाल्या बाईंकडे, तो फॉर्म आज बारापर्यंत द्यायचा होता. गणितवाला चार दिवस तिच्या टेबलाभोवती नुसताच घुटमळत होता.

सकाळी तिने जिवाणूंचं ऊबदार कपाट उघडलं. जिवाणू वाढवायच्या सहाही प्लेट्स सरळ ठेवलेल्या! झाकणाला आतून जमलेलं बाष्पाचं पाणी खाली ठिबकलं होतं. एका टोकाचे ‘बोलणारे’ जिवाणू वाहत जाऊन दुसऱ्या टोकाच्या ‘ऐकणाऱ्यां’त मिसळले होते. निरोप किती लांबून ऐकू जातो हे तिला मोजायचं होतं. आता मोजायला अंतरच उरलं नव्हतं.

"मी केलं ते," तो मागून म्हणाला. "काल सगळ्या पालथ्या दिसल्या. वाटलं, तू घाईत ठेवल्यास... म्हणून सरळ केल्या."

"पालथ्याच ठेवतात रे, शहाण्या. आठवडा गेला माझा." मग जरा थांबून, "गप्प बसला असतास तर कळलंही नसतं मला."

"तू स्वतःला दोष देत बसली असतीस. ते बघवलं नसतं."

त्याने नव्या प्लेट्स आणल्या, पट्टी घेऊन अंतरं आखू लागला. ती शेजारी बसली. कोपराला कोपर लागत होतं, पण सरकलं कुणीच नाही. तिचा राग कधी उतरला, तिलाही कळलं नाही.

"तीन महिन्यांत एवढंही शिकला नाहीस? लक्ष कुठे असतं तुझं?"

पट्टी थांबली. "तुझ्याकडे," तो हळूच म्हणाला. "फॉर्मच्या आधी सांगितलं असतं तर तुला भीड पडली असती... आणि आता तर तू बाईंकडेच जाशील."

तिने खणातून फॉर्म काढून त्याच्यापुढे ठेवला. विभाग – गणित. तारीख कालची.

"मघाशी रागात खोडणार होते," ती मान वळवून म्हणाली.

"मग?"

"पेन सापडलं नाही."

पेन तिच्या कोटाच्या खिशात होतं. त्याला ते दिसतही होतं.

"चल," तो उठत म्हणाला, "बारा वाजायच्या आत देऊन येऊ."