भरलेल्या गाडीला आधी वाट

कालव्यावरचा पूल एका गाडीपुरताच होता. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं, दुसरा इलाज नव्हता. त्या सकाळी बारीक पाऊस होता. ती फिरत्या वाचनालयाची गाडी चालवत अर्ध्या पुलावर आली आणि समोरून दुधाचा टँकर पुलावर चढला.

टँकरवाल्याने डोकं बाहेर काढलं. "मागे घ्या."

"का? मी आधी आले."

त्याने पुलाच्या तोंडाशी लावलेल्या पाटीकडे बोट केलं. भरलेल्या गाडीला आधी वाट.

"माझीही भरलेलीच आहे. दीड हजार पुस्तकं."

"पुस्तकं नासत नाहीत, बाई."

तिने ओठ घट्ट मिटले, पण हसू कुठेतरी सांडलंच असावं. कारण तिने गाडी मागे घेतल्यावर शेजारून जाताना त्याने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून सलाम केला, आणि तो जरा जास्तच खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी तो लांबूनच दिवे मिचकावत आला.

"आज मी घेणार नाही," ती म्हणाली.

"असं कसं? काल घेतलीत. पायंडा पडला."

"एका दिवसात पायंडा पडतो होय?"

"पडायला एकच दिवस लागतो. मोडायला जास्त."

माणूस बोलण्यात हार जाणारा नव्हता. तीही नव्हती. तरी तिने गाडी मागे घेतली, दुधाचा विचार करून. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

मग ते रोजचंच झालं. ती शाळांची पुस्तकं बदलायला निघायची, तो गावोगावचं दूध घेऊन डेअरीकडे. तो तिला 'वाचनालय' म्हणायचा, ती त्याला 'टँकर'. एकदा तो खाली उतरून चालत तिच्या खिडकीशी आला. त्याच्या हातात एक इंग्रजी पुस्तिका होती. डेअरीत सुपरवायझरच्या जागेसाठी परीक्षा होती.

"अहो वाचनालय, प्रिसीडन्स आणि प्रिसीडंट. दोन्ही आधीचेच दिसतात. मग शब्द दोन कशाला?"

तिने मागच्या फळीवरून जाडा शब्दकोश काढला आणि मांडीवर उघडला. पावसाचे थेंब पानावर पडू नयेत म्हणून तो खिडकीला पाठ लावून आडवा उभा राहिला.

"प्रिसीडन्स म्हणजे दोघं आत्ता समोर उभे आहेत, तर आधी कोण जाणार. ही आपली पाटी."

"आणि दुसरा?"

"आधी कुणीतरी तसं केलेलं असतं. मग पुढचे म्हणतात, तेव्हा चाललं होतं, आताही चालेल. तो तुमचा पायंडा."

त्याने मान वळवली. "म्हणजे टँकर भरलेला म्हणून तुम्ही मागे जाता, तो पहिला. काल गेलात म्हणून आज जाता, तो दुसरा."

"आणि गेलेच नाही तर?"

"तर मला इथेच थांबावं लागेल…" तो पावसाकडे बघत म्हणाला. "माझी काही तक्रार नाही."

तो शब्दकोश घेऊन गेला. परीक्षेत पास झाला. शब्दकोश मात्र काही परत आला नाही — उद्या आणतो, परवा आणतो. तिनेही कधी नेट लावून मागितला नाही. तीन महिने असे गेले. तो जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचा, पण एका विषयाजवळ आला की टँकरच्या तापमानाचा काटा बघायला निघून जायचा.

आणि खालच्या अंगाला नवा पूल तयार झाला. रुंद, दोन्ही बाजूंनी गाड्या जातील असा. सोमवारपासून सुरू. मग समोरासमोर थांबायचं कारणच उरणार नव्हतं. पुढच्या महिन्यात तो सुपरवायझर होऊन खुर्चीत बसणार होता, ते वेगळंच. हातात फक्त शनिवार होता.

शुक्रवारी संध्याकाळी वडील चहा करत होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्यांचा हात अजून एक कप जास्तीचा काढायचा, मग परत ठेवायचा.

"बाबा, आपल्या घरात कुठल्या मुलीने मुलाला स्वतःहून विचारलंय कधी?"

त्यांनी गॅस बारीक केला. कोण, कुठला, काही विचारलं नाही. "टँकरवाला?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रोज जेवताना त्याचेच किस्से सांगतेस. आणि सकाळी आरशासमोर दहा मिनिटं जातात तुझी. शाळेतल्या पोरांसाठी कोण एवढं नटतं?"

"माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या."

"आधी तू विचारून ये. मग सांगतो."

शनिवारी तिने गाडी पुलाच्या बरोबर मधोमध उभी केली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. टँकर आला. थांबला.

"मागे घ्या, वाचनालय."

"आज नाही."

"पाटी माझ्या बाजूने आहे."

"असू दे. मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमचं काय म्हणणं आहे?"

तो दारातल्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच राहिला.

"हे… हे मी विचारायचं होतं."

"तीन महिने वाट दिली तुम्हाला. आला नाहीत. म्हणून मी निघाले."

तो आत जाऊन बसला, दार ओढून घेतलं. मग टँकर हलला — मागे. भरलेला, जड टँकर, आरशात बघत, कठड्याला न घासता, वीतभर वीतभर करत पूर्ण पूल मागे गेला आणि कडेला उभा राहिला. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिला वाट दिली.

ती गाडी घेऊन शेजारी आली. त्याच्या कपाळावर घाम होता.

"याला पायंडा समजू?" तिने विचारलं.

"जन्मभराचा समजा," तो म्हणाला, आणि खिडकीतून शब्दकोश पुढे केला. "परवा घरी येतो. वडिलांना भेटायला."

घरी वडील दारातच उभे होते. "काय म्हणाला?"

"टँकर मागे घेतला."

"भरलेला?"

"भरलेला."

"मग झालं." ते आत गेले. तीही मागोमाग गेली.

"आता सांगा."

"तुझ्या आईने विचारलं होतं. बसच्या रांगेत माझ्या पुढे उभी होती. मागे वळली आणि विचारलं."

"मग हे काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आईचं बघून विचारलं असतंस. तुझं तू विचारलंस, ते बरं." त्यांनी कप काढले, या वेळी मोजून दोनच, आणि दोन्ही भरले.

"तुम्ही काय उत्तर दिलंत तिला?"

"विचार करून सांगतो म्हटलं. दोन दिवस लावले." ते कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. "काही गरज नव्हती गं. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. ते दोन दिवस आत्ता मिळाले असते, तर…"

ती त्यांच्या शेजारी बसली.

"कधी येतोय तो?"

"परवा म्हणालाय."

"फोन कर," वडील म्हणाले. "उद्याच ये म्हणावं."