ठणक्यातली वाटेकरीण

शर्वाणीचं वागणं द्रौपदाक्कांना मुळीच पटत नव्हतं. दाढांत कड्या घालून आली त्याला तिसरा दिवस, पण पोरगी एकदा तरी ‘आई गं’ म्हणेल तर शपथ! गालाला हात नाही की तोंड वाकडं नाही. खुशाल अंगणात दोरीच्या उड्या मारत होती. आणि इकडे आजीचा जबडा नगाऱ्यासारखा घुमत होता.

तोही कसला जबडा! अक्कांच्या तोंडात औषधालाही दात नव्हता. कवळी वाटीत भिजत पडली होती.

कराडच्या तांबोळी डॉक्टरीणबाईंनी हे नवं तंत्र आणलं होतं. “दात सरळ करायला दाढांना पट्ट्या बसवायच्या, तर आधी दोन दाढांत फट हवी,” त्यांनी समजावलं होतं. “म्हणून ही इवलीशी रबरी कडी मध्ये अडकवायची. दाढा सरकतात, ठणकतात. कडीतला संवेदक तो ठणका, दाढेला जाणवणारं सगळंच मोजतो आणि कानामागच्या चकत्यांना कळवतो. एक चकती पोरीला, दुसरी घरातल्या कुणाला तरी. पोरीचं जेवढं कमी होईल, तेवढं दुसऱ्याला जाणवेल. वाटणीचा काटा पोरीच्या मोबाइलवर असतो; तो मी निम्म्यावर ठेवते.”

“मला डकवा,” अक्का पुढे सरसावल्या. “पाच बाळंतपणं काढल्यात म्या. ह्यो ठणका म्हंजे काय!”

घरी येताच त्यांनी सुनेला हाक मारली. “उज्ज्वला! अगं, दाढा आल्या मला!”

शर्वाणीनं चूळ भरली की अक्कांच्या तोंडात गारवा पसरे. तिनं मऊ भात चावला की नुसत्या हिरडीवर दाढेला दाढ टेके. अक्कांनी शेजारणी गोळा केल्या. “चाव गं शरे, ह्यास्नी दावू दे!” शेजारणींना काय कप्पाळ दिसणार? तरी अक्का गाल पुढे करून ऐटीत बसल्या होत्या.

पण आज ठणका बदलला होता. दाढा सरकतानाचं दुखणं पसरट असतं. हे खाली डाव्या बाजूला, एकाच जागी, दाभण टोचल्यासारखं.

“उज्ज्वला, पोरीला दवाखान्यात ने.”

“आत्याबाई, तिला काही होत नाही. आणि तुम्हाला तर दातच नाहीत.”

“म्हनून तर सांगते! माझं काय दुखणार? जे दुखतंय ते तिचं हाय.”

उज्ज्वलानं टॉर्च लावून लेकीच्या तोंडात पाहिलं. डावीकडची कडी दिसेना. “पडली वाटतं. पडतात म्हणाल्या होत्या.”

“पडली असती तर माझा जबडा गप नसता का बसला?” अक्कांनी पायात चपला सरकवल्या. “चला. न्हाईतर मी एकटी जाते नि माझं बोळकं दावते.”

तांबोळीबाईंनी बारीक आरसा फिरवला आणि त्या गंभीर झाल्या. कडी हिरडीखाली रुतली होती. आत पू धरू लागला होता. “आणखी उशीर झाला असता तर हाडाला लागलं असतं. दाढ गेली असती.” त्यांनी जागा बधिर करून कडी अलगद काढली. “पण इतकं दुखत असताना ही बोलली कशी नाही?”

त्यांनी शर्वाणीचा मोबाइल मागितला. वाटणीचा काटा निम्म्यावर नव्हताच. तो टोकाला, सगळाच्या सगळा आजीकडे सरकवलेला होता.

शर्वाणी खाली बघत पुटपुटली, “आज्जीला दाढा आल्याचा एवढा आनंद झाला होता... मला वाटलं, सगळंच देऊन टाकावं.”

“आणि तुला उड्या मारायला रान मोकळं!” उज्ज्वलानं फटकारलं.

बाईंनी काटा मध्यावर आणला. बाकीच्या कड्यांचा निम्मा ठणका पोहोचताच शर्वाणीनं गच्च गाल धरला. “आई गं!”

“आत्ता कसं!” अक्कांचा चेहरा फुलला. त्यांनी नातीची हनुवटी वर केली. “शरे, ऐक. निम्मं तुझं, निम्मं माझं. माझ्या वाटणीतला कण मी सोडायची न्हाय. पन समदं मला द्यायचं न्हाय. आज माझ्या बोळक्यानं तुझी दाढ राखली. उद्या कानामागं चकती लावायला मी नसले, तर तुझं दुखतंय हे तुला सांगायचं कुनी?”